ओपन सोर्समध्ये बदल करून गिऱ्हाईकाला विकायचं असेल तर: सांगलीतल्या नव्या पोरांसाठी

सांगली, मिरज, तासगाव, कुठंही बघा, घरी बसून सॉफ्टवेअरची कामं घेणारी पोरं आता बरीच झालीत. कुणी वालचंदमधून नुकतंच बाहेर पडलंय, कुणी पुण्याची नोकरी सोडून विश्रामबागेत एक खोली भाड्यानं घेऊन बसलंय, आणि बहुतेकांचं पहिलं काम एकाच जातीचं असतंय, म्हणजे एखादं तयार ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना बघायला, बदलायला आणि पुढं द्यायला खुला असतो असं) सॉफ्टवेअर उचलायचं, इथल्या धंद्याला लागतील तसे बदल करायचे आणि अडत दुकानाला, क्लासवाल्याला नाहीतर पतसंस्थेला विकायचं. काम चांगलंय, पैसेही मिळतात. पण लायसन्सचा, म्हणजे तो कोड कुठल्या अटींवर वापरायचा याचा, विषय निघाला की अर्धे म्हणतात फुकटचंय, काहीही करा, कोण बघतंय, आणि उरलेले अर्धे घाबरून म्हणतात ओपन सोर्स विकलं तर केस होते. दोघांचंही चुकतंय.

विकायला पूर्ण परवानगी आहे. जीपीएल हे ओपन सोर्सचं एक फार चालणारं लायसन्स, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत सरळ लिहिलंय की प्रत्येक कॉपीला वाटेल ती किंमत लावा किंवा लावू नका, सपोर्ट आणि वॉरंटीचे वेगळे पैसे घ्या. जीपीएल ज्यांनी लिहिलं ते रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये इमॅक्स या त्यांच्या एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. लायसन्सला तुमच्या पैशाशी काही घेणंदेणं नाही, त्याचा प्रश्न एवढाच असतो की तुमच्याकडून कॉपी ज्याच्या हातात गेली त्याला तिच्यासोबत काय काय मिळालं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा, मग पाठ करावं लागत नाही.

उदाहरण एकच धरून चालू. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक आण्णा आहेत असं समजा (काल्पनिकच, पण अशी गिऱ्हाईकं तुम्हाला भेटणारच). त्यांना शेतकऱ्याची आवक, सौद्यातला दर, पोत्यांचं वजन, हमाली-तोलाई वजा करून मराठीत छापलेली पट्टी, आणि खरेदीदाराची उधारी, एवढं सगळं एका जागी पाहिजे. तुम्ही ठरवलं ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा हिशेब, माल, बिलं सांभाळणारं ओपन सोर्स पॅकेज) घ्यायचं आणि त्यावर हे बांधायचं.

पहिली पायरी: लायसन्सची फाईल उघडा आणि खरंच वाचा

रेपो, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड ठेवलेली जागा, उघडली की वरच्याच फोल्डरमध्ये लायसन्स किंवा कॉपीइंग नावाची फाईल असते. ती नसेल तर बहुतेक जण समजतात की मग कसलंच बंधन नाही, आणि खरं एकदम उलटं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीतच धरलाय, लिहिला त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणी करायची सुद्धा गरज नाही. म्हणजे लायसन्स नाही तर परवानगी नाही. गिटहबवर पब्लिक ठेवलंय याचा अर्थ लोकांनी बघावं आणि तिथल्या तिथं फोर्क करावं (आपल्या खात्यात कॉपी घ्यावी), एवढाच. अशा वेळी लेखकाला एक साधा मेल टाका, लायसन्सची फाईल टाकाल का म्हणून, बरेच जण नुसते विसरलेले असतात आणि दोन दिवसांत टाकतात.

नुसतं नाव बघून थांबू नका, आवृत्ती बघा. जीपीएल दोन १९९१ चं, तीन २००७ चं, आणि दोघांत बराच फरक आहे. त्यातही "फक्त दोन" आणि "दोन किंवा त्यापुढची" हे वेगळं. लिनक्स कर्नल फक्त दोनवर आहे, वर्डप्रेस दोन किंवा पुढची. हा कीस काढायचं कारण म्हणजे अपाचे दोन लायसन्सचा कोड जीपीएल तीनमध्ये मिसळता येतो पण "फक्त दोन"वाल्यात मिसळून द्यायला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते चालत नाही, आणि हे प्रोजेक्ट संपल्यावर कळलं तर अर्धा कोड परत लिहायला लागतो.

मग त्याच्या खालच्या लायब्रऱ्या. इथं पोरं सगळ्यात जास्त अडकतात कारण एक कमांड मारली की शंभर पॅकेज येऊन पडतात आणि त्यांची लायसन्स कुणी बघत नाही. ठळक उदाहरण म्हणजे पीडीएफ. जावात पट्टी किंवा बिल पीडीएफमध्ये काढायचं म्हणून आयटेक्स्ट टाकतात, पण पाचव्या आवृत्तीपासून ते एजीपीएलवर आहे (जीपीएलचा आणखी कडक भाऊ, पुढं सांगतो), म्हणजे तुमचा कोड बंद ठेवायचा असेल तर त्यांचं पैसे देऊन घ्यायचं लायसन्स लागतं. घोस्टस्क्रिप्टचंही तसंच. त्याऐवजी अपाचे पीडीएफबॉक्स किंवा आयटेक्स्टच्या जुन्या चौथ्या आवृत्तीतून निघालेलं ओपनपीडीएफ वापरता येतं. यादी काढायला एनपीएमवाल्यांना लायसन्स-चेकर आहे, पायथनवाल्यांना पिप-लायसन्सेस, दोन्ही पाच मिनिटांत चालतात. यादी काढा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, उद्या कुणी विचारलं तर शोधत बसायला नको.

जाता जाता फॉन्टचं पण सांगतो कारण मराठी पट्टी छापायची म्हणजे फॉन्ट आलाच. डीटीपीवाल्याकडून पेनड्राइव्हवर आणलेला फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये घालू नका, तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी पैशाच्या पॅकेजमधला चोरीचा असतो आणि वर युनिकोड पण नसतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, सॉफ्टवेअरसोबत देता येतात, विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पण चालतात, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही आणि त्याचं लायसन्स सोबत ठेवायचं.

दुसरी पायरी: लायसन्स कुठल्या ढिगातलं ते ठरवा

एमआयटी, बीएसडी आणि अपाचे हा एक ढीग, सगळ्यात सोपा. बदल करा, कोड बंद ठेवा, विका, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढून टाकायचा नाही. अपाचेत जरा जास्त आहे, तुम्ही बदललेल्या फाईलवर बदलल्याची नोंद लागते, नोटीस नावाची फाईल असेल तर ती पुढं द्यावी लागते, बदल्यात पेटंटची परवानगी पण मिळते. पतसंस्थेचं काम आलं तर अपाचे फिनेरॅक्ट बघा, कर्ज-ठेवींचं तयार इंजिन आहे आणि याच लायसन्सवर आहे.

मग एलजीपीएल आणि एमपीएल. ह्यांचं म्हणणं असं की आमच्यात केलेला बदल उघडा ठेवा, तुमचं शेजारचं तुमच्याजवळ राहू दे. एमपीएल तर फाईलपुरतंच बोलतं, त्यांची फाईल बदलली तर ती फाईल द्या, तुम्ही नवीन लिहिलेली फाईल बंद ठेवलीत तरी चालतं. मिरजेतल्या एखाद्या हॉस्पिटलला पेशंटच्या नोंदीसाठी ओपनएमआरएस बसवायचं झालं तर ते एमपीएल दोनवर आहे. ओडू हे ईआरपीनेक्स्टसारखंच पॅकेज, त्याची कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल तीन. पण ओडूची एंटरप्राइज आवृत्ती हे वेगळं प्रकरण, ती ओपन सोर्स नाहीच, तिचा कोड कुणीतरी पाठवला म्हणून बसवू नका.

जीपीएल म्हणजे मूळ कोड आणि त्यावर बांधलेलं तुमचं काम मिळून जे होतं ते कुणाला दिलं तर त्याच लायसन्सवर द्यायचं, सोर्स कोडसकट. ईआरपीनेक्स्ट जीपीएल तीन आहे. त्याच्या खालचं फ्रॅपे फ्रेमवर्क मात्र एमआयटी आहे, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार. क्लासवाल्यांचं लाडकं मूडलसुद्धा जीपीएल तीन.

एजीपीएल म्हणजे जीपीएलच, पण एक कलम जास्त, तेरावं. तुम्ही बदललेलं सॉफ्टवेअर तुमच्याच सर्व्हरवर ठेवून लोकांना नेटवरून वापरायला दिलं तरी त्या वापरणाऱ्यांना सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. फाईली ठेवायचं नेक्स्टक्लाउड या लायसन्सवर आहे.

आणि एक ढीग असा की दिसायला ओपन सोर्स, पण नाही. कोड बघायला मिळतो म्हणून पोरं गृहीत धरतात. मोंगोडीबीनं २०१८ मध्ये एसएसपीएल आणलं, हॅशिकॉर्पनं २०२३ मध्ये टेराफॉर्म बीएसएलवर नेलं (मग लोकांनी जुन्या कोडवरून ओपनटोफू काढलं), ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येत ही दोन्ही लायसन्सं बसत नाहीत. सध्या ऑटोमेशनची कामं घेणाऱ्यांत एन-एट-एन (n8n) जोरात आहे, त्याचं लायसन्सही असंच, गिऱ्हाईकाला त्याच्या स्वतःच्या कामासाठी बसवून द्यायचे, वर्कफ्लो बनवून द्यायचे पैसे घेता येतात, पण तुम्ही स्वतः होस्ट करून दहा दुकानांना महिन्याच्या भाड्यानं लॉगिन वाटलेत तर ते चालत नाही, त्याला वेगळं लायसन्स लागतं. "व्यावसायिक वापर नको" असं लिहिलेलं काहीही याच ढिगात टाका आणि धंद्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: कॉपी कुणाच्या हातात जाते ते कागदावर काढा

खरं कौशल्य इथं आहे. तेच सॉफ्टवेअर, तेच बदल, पण कसं देताय त्यावर तुमच्या अंगावर काय येतं ते बदलतं.

आण्णांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसवलंत, किंवा आण्णांच्या नावानं घेतलेल्या सर्व्हरवर बसवून पासवर्ड त्यांच्या ताब्यात दिलात, तर कॉपी दिली असंच धरा. आण्णांना जीपीएलचे सगळे हक्क मिळाले, सोर्स मागायचा, बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा सुद्धा.

तुमच्या सर्व्हरवर ठेवलंत आणि आण्णांना नुसतं लॉगिन दिलंत तर जीपीएलच्या हिशेबानं कॉपी दिलेली नाही, सोर्स द्यायचं बंधन नाही. जीपीएल तीनमध्येच लिहिलंय की नेटवर्कवरून नुसता वापर करू देणं म्हणजे कॉपी देणं नव्हे. म्हणून बरेच जण महिन्याच्या भाड्याचं मॉडेल घेतात. एक बारीक खाच आहे, ब्राउझरमध्ये जी जावास्क्रिप्ट उतरते ती तर गिऱ्हाईकाच्या मशीनवर गेलीच, त्यामुळं तेवढ्या भागाला नियम लागतात असं धरून चाला. आणि एजीपीएल असेल तर ही पळवाट मुळातच बंद.

मोबाइल ॲप दिलं, कॉपी गेली. वजनकाट्याला जोडलेला छोटा डबा दिला ज्यात लिनक्स आहे, कॉपी गेली. या डब्यांचं लोक विसरतात. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी ५४ जी राउटर आठवत असेल काहींना, त्यात लिनक्स होतं, सोर्स द्या म्हणून लोक मागं लागले, कंपनीनं तो २००३ मध्ये दिला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची ओपन सोर्स सिस्टीम जन्माला आली. लिंक्सिस तोवर सिस्कोनं घेतलेली होती आणि त्यांच्यावर पुढं २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं दावा लावला, तो २००९ मध्ये तडजोडीनं मिटला.

तुम्ही स्वतःच्या ऑफिसात वापरताय, कुणाला दिलंच नाही, तर काहीच द्यायचं नाही. जगाला सोर्स द्यावा लागतो, गिटहबवर टाकावाच लागतो, हा गैरसमज लय पसरलाय. ज्याला सॉफ्टवेअर त्याला सोर्स. आण्णांना दिलंत तर आण्णांना द्या, सोबतच देऊन टाकलंत तर शेजारच्या गाळ्यातला येऊन मागायला लागला तरी तुमच्यावर बंधन नाही.

चौथी पायरी: बदल कुठं करायचा ते कोड लिहायच्या आधी ठरवा

मूळ फाईल फोडून त्यात दर-वजनाचं गणित घुसवणं सगळ्यात सोपं वाटतं, आणि सगळ्यात महाग पडतं, कारण पुढची आवृत्ती आली की तुमचे बदल आणि त्यांचे बदल एकमेकांत गुंततात. लायसन्सच्या अंगानंही तो सरळ सरळ जीपीएलचा भाग झाला, चर्चाच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे वेगळं ॲप. फ्रॅपेमध्ये ही सोय चांगली आहे, तुमचं "हळद अडत" ॲप स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतं. पण ते ईआरपीनेक्स्टची फंक्शनं आयात करून त्याच प्रोसेसमध्ये चालत असेल तर ते जीपीएलच्या बाहेर आहे असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, वकीलसुद्धा यावर भांडतात, आणि मी तरी ते जीपीएलच धरायला सांगेन. ॲप फक्त फ्रॅपे फ्रेमवर्कवर उभं केलंत, ईआरपीनेक्स्टचं काही घेतलंच नाही, तर गोष्ट वेगळी, ते एमआयटी आहे, तुमचा कोड तुम्हाला बंद ठेवता येतो. आण्णांच्या पट्टीचं काम पूर्ण हिशेबाच्या पॅकेजशिवाय भागत असेल तर याचा विचार करा.

तिसरा मार्ग, तुमचा प्रोग्राम पूर्ण वेगळा चालतोय आणि एपीआयवरून (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली वाट) नुसता डेटा देतोय-घेतोय. दोन स्वतंत्र प्रोग्राम म्हणून हे सहसा बाहेर धरलं जातं. वजनकाट्यावरून आकडा वाचून पाठवणारा छोटा प्रोग्राम असा लिहिता येतो.

आता माझं मत विचाराल तर अडत दुकानाच्या कामात कोड बंद ठेवायचा अट्टाहास नको. आण्णा काय सोर्स उघडून बघणार आहेत का? त्यांना दिवाळीच्या आधी उधारीची यादी बरोबर निघाली पाहिजे आणि सौद्याच्या दिवशी सिस्टीम बंद पडली तर फोन उचलला गेला पाहिजे, त्याचेच पैसे ते देतात.

कुलूप आणि वार्षिक रिन्युअलबद्दल

आपल्याकडं एक सवय मुरलीय, सॉफ्टवेअरला तारखेचं कुलूप लावायचं, ३१ मार्च उलटला आणि पैसे आले नाहीत की प्रोग्राम उघडतच नाही. जीपीएलच्या सॉफ्टवेअरवर हे करून उपयोग नाही. तुम्ही लायसन्स-की टाकू शकता, पण गिऱ्हाईकाला ते कुलूप काढून टाकायचा हक्क आहे, त्याच्या पुतण्यानं काढलं तर तुम्ही तक्रार करू शकत नाही. दिलेले हक्क वापरायचे पैसे, म्हणजे "पाचापेक्षा जास्त युजर झाले तर जादा फी", असली अट दिलेल्या कॉपीवर घालणं तर जीपीएल तीनच्या दहाव्या कलमात सरळ बंद आहे. तुमच्या होस्टिंगवर मात्र युजरमागं पैसे घ्या, तिथं तुम्ही तुमचा सर्व्हर आणि तुमची मेहनत विकताय.

त्यामुळं कोटेशनमध्ये "सॉफ्टवेअर लायसन्स, १ नग" ही ओळ लिहूच नका. लिहा: बसवणं, जुन्या वह्यांतला डेटा भरणं, पट्टीचा नमुना बनवणं, दोन मुनीमांना शिकवणं, वर्षाची देखभाल. समजा बदलांचे ४० हजार आणि वर्षाच्या देखभालीचे १२ हजार ठरले, तर देखभालीत काय येतं ते पण लिहा, फोन किती वाजेपर्यंत, बॅकअप कोण बघणार, नवीन आवृत्तीवर नेणं त्यातच की वेगळं. शेवटचं लिहिलंच पाहिजे, सगळी मारामारी तिथं होते.

पाचवी पायरी: सुपूर्द करताना काय काय द्यायचं

सोर्स कोड पूर्ण, ज्यावर तुम्ही स्वतः काम करता तोच. पिळून काढलेला, नावं बदलून अगम्य केलेला कोड चालत नाही, लायसन्समध्ये स्पष्ट म्हटलंय की बदल करायला जे रूप सोयीचं तेच द्यायचं. लायसन्सचा मजकूर सोबत. मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा, त्याखाली तुमची. आणि तुम्ही बदल केलाय हे तारखेसकट कुठंतरी ठळक लिहिलेलं. बांधायला-बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा सोर्समध्येच मोजतात.

सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग म्हणजे बसवायच्या दिवशीच सगळं एका झिपमध्ये बांधून गिऱ्हाईकाच्या मशीनवर टाकायचं आणि पोच घ्यायची. ते न करता नुसतं "मागाल तेव्हा देऊ" असं लेखी देण्याची सोय जीपीएलमध्ये आहे, पण ते वचन किमान तीन वर्षं पाळावं लागतं, आणि मग ते मागणारा फक्त तुमचं गिऱ्हाईक असलं पाहिजे असंही राहत नाही. तीन वर्षांनी तुमचा तो लॅपटॉप कुठं असेल? म्हणून झिप.

नाव आणि लोगो

कोडची परवानगी मिळाली म्हणजे नावाची मिळाली असं नाही, ट्रेडमार्क वेगळा. मूडल बसवून द्या, पण "मूडल सेवा" म्हणून जाहिरात करायची तर त्यांची परवानगी लागते, ते हक्क त्यांच्या पार्टनर कंपन्यांना दिलेत. वर्डप्रेसचं पूर्ण नाव तुमच्या डोमेनमध्ये वापरायला त्यांची फाउंडेशन मनाई करते. सेंटओएसवाल्यांनी रेड हॅटचा सोर्स घेऊन तीच सिस्टीम बांधली तेव्हा रेड हॅटचं नाव आणि चिन्हं सगळीकडून काढली होती, तसंच करायचं. तुमच्या उत्पादनाला तुमचं नाव ठेवा, आणि खाली "अमुक सॉफ्टवेअरवर आधारित" एवढं खरं तेवढं लिहा. उलट बाजूनं, मूळ नाव पुसून सगळं मीच लिहिलंय असं दाखवणं, हे तर करूच नका, कॉपीराइटच्या ओळी काढल्या की परवानगीच जाते.

आण्णा म्हणतील, "शेजारच्या गाळ्यात हे दिसता कामा नये"

म्हणणारच. आणि त्यांचं काही चुकत नाही, पैसे त्यांनी घातलेत. तुम्ही आण्णांना असं लेखी देऊ शकता की हे बदल मी वर्षभर दुसऱ्या कुणाला देणार नाही. ते बंधन तुम्ही स्वतःवर घालून घेताय, तुमच्या बदलांचे मालक तुम्ही आहात, त्यात जीपीएल मोडत नाही. पण आण्णांना तुम्ही असं म्हणू शकत नाही की तुम्ही हे कुणाला देऊ नका. हक्क त्यांच्याकडं गेला. त्यांनी मेहुण्याच्या दुकानात कॉपी बसवली तर बसवली, देखभालीला मेहुणे तुमच्याकडंच येतात, हा अनुभव बहुतेकांचा आहे.

बहुतेक वेळा आण्णांची खरी काळजी वेगळीच असते, माझे दर, माझे खरेदीदार, कुणाची किती उधारी हे बाहेर जाईल का. तो डेटा आहे, त्याचा लायसन्सशी काडीचा संबंध नाही, तो पूर्ण त्यांचा. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा आणि करारात गुप्ततेचं कलम घाला, अर्धी भीती तिथंच जाते.

सहावी पायरी: दोन पानांचा का होईना, करार करा

आपल्याकडं तोंडी चालतं, ओळखीच्या गिऱ्हाईकाशी कसला कागद, असं म्हणतात. पण कॉपीराइट कायद्याची तीन कलमं कागदाशिवाय तुम्हाला किंवा गिऱ्हाईकाला गोत्यात आणू शकतात. सतरावं म्हणतं की नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा मालक नोकरी देणारा. तुम्ही पुण्याच्या कंपनीत नोकरीला असून रात्री घरून आण्णांचं काम करत असाल तर आधी तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बऱ्याच पत्रांत "नोकरीच्या काळात केलेलं सगळं आमचं" असं लिहिलेलं असतं. बाहेरून काम घेणारा फ्रीलान्सर असाल तर मालक सहसा तुम्हीच, पैसे दिले म्हणून गिऱ्हाईक आपोआप मालक होत नाही. त्याला मालकी द्यायची असेल तर एकोणिसाव्या कलमाप्रमाणं ती लेखी आणि सहीनं द्यावी लागते, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. तिसावं कलम लायसन्स देण्याबद्दल आहे, तेही लेखीच.

करारात एवढं असलंच पाहिजे: मूळ सॉफ्टवेअर कुठलं आणि कुठल्या लायसन्सवर, माझे बदल कुठल्या लायसन्सवर, मूळ सॉफ्टवेअरची कसलीही हमी त्याचे लेखक देत नाहीत, आणि मी कसली हमी देतोय व कितीपर्यंत. जीपीएल असो की एमआयटी, हमी नाही हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंय, पण आण्णा तुमच्याकडूनच हमी मागणार, तेव्हा तिची हद्द आधीच ठरवा. सर्वसाधारण हद्द म्हणजे त्या वर्षी मिळालेले पैसे. ओपन सोर्स वापरलंय हे लपवून विकणारे आहेत, नंतर कळतंच, आणि मग मार्केट यार्डात गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या गाळ्यांत पोचते.

कर थोडक्यात: सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी, सॉफ्टवेअरच्या कामावर १८ टक्के, बाकी सीएला विचारा.

स्वतःचंच सॉफ्टवेअर ओपन करायचं असेल तर

मग एक जास्तीचा रस्ता उघडतो, एकाच कोडला दोन लायसन्स. मायएसक्यूएल कित्येक वर्षं असंच चाललंय, जीपीएलवर घ्या नाहीतर पैसे देऊन बंद उत्पादनात घालायचं लायसन्स घ्या. हे फक्त सगळ्या कोडचा मालक एकच असेल तर जमतं. दुसऱ्याच्या जीपीएल कोडवर केलेल्या बदलांना तुम्ही असं दुहेरी करू शकत नाही. आणि बाहेरच्या कुणी तुमच्या प्रोजेक्टला पॅच पाठवला तर तो घ्यायच्या आधी त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या, नाहीतर त्याच्या वीस ओळींसाठी तुमचं दुसरं लायसन्स अडकतं.

आणि कुणी नोटीस पाठवलीच तर

ओपन सोर्सचं लायसन्स म्हणजे नुसती विनंती, कोर्टात टिकत नाही, असं सांगणारे अजून भेटतात. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, तेही खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून, अपील कोर्टानं सांगितलं की अशा लायसन्सच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. फ्रान्समध्ये आँत्रुव्हेर नावाच्या छोट्या कंपनीनं, आपली जीपीएल लायब्ररी ऑरेंजनं नियम मोडून वापरली म्हणून, त्या बलाढ्य टेलिकॉम कंपनीला कोर्टात खेचलं, वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टानं एकूण साडेसहा लाख युरोची भरपाई द्यायला लावली.

जीपीएल दोनमध्ये नियम मोडला की परवानगी तिथंच संपते. तीनमध्ये जरा माणुसकी आहे, त्या लेखकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही चूक दुरुस्त केलीत तर हक्क परत मिळतो. म्हणून मेल आला की तो दडपून ठेवू नका. त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर द्या की मिळालं, बघतोय. कुठल्या गिऱ्हाईकांना कुठली आवृत्ती दिली याची यादी काढा, राहिलेला सोर्स आणि लायसन्सचा मजकूर त्यांना पाठवा, पाठवल्याचे पुरावे जोडून नोटीसवाल्याला कळवा. बहुतेकांना पैसे नको असतात, सोर्स पाहिजे असतो. पैशाची मागणी असेल किंवा पत्र वकिलाचं असेल तर मात्र स्वतः काही कबूल करत बसू नका, कॉपीराइटची कामं करणारा वकील गाठा, आणि जाताना करार, पहिल्या पायरीतली लायब्रऱ्यांची यादी आणि झिपची पोच बरोबर न्या.